होडीच्या पोटातला वायू

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली, की शहर मागे पडते आणि पाली, चौक, भाटेबंदर ही कोळ्यांची गावे लागतात. पावसाळी बंदी उठली, की अशा बंदरांतून नौका दूर समुद्रावर निघतात. खलाशांचे रांधणे नौकेवरच व्हायचे. म्हणून बर्फ, डिझेल, तांदूळ यांच्याबरोबर गॅसचा सिलिंडरही चढतो. १९५५ साली मुंबईच्या घरांत शिरलेला हा गॅस आता दर्यावरही पोहोचला आहे. मात्र घरातले आणि होडीतले त्याचे वागणे सारखे नाही.

हा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. त्यामुळे गळलेला गॅस पाण्यासारखा खाली वाहतो. घरात दार उघडले, की तो उंबरठ्यावरून बाहेर पडतो. होडीला उंबरठा कुठला? जी बांधणी पाणी आत येऊ देत नाही, तीच गॅस बाहेर जाऊ देत नाही! तो तळाशी, इंजिनाभोवती साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले, की इंजिन सुरू करतानाची एक ठिणगी पुरते. गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो खरा. पण मासळी आणि डिझेल यांच्या दर्पात तो वरच्या माणसाला येईलच असे नाही.

यावर जगभरच्या हौशी नौकांनी स्वीकारलेले नियम साधे आहेत. सिलिंडर डेकवर, उभा व घट्ट बांधलेला असावा. तो पेटीत ठेवल्यास पेटीच्या तळाला बाहेर, समुद्राकडे उघडणारे भोक हवे. गळलेला गॅस परस्पर पाण्यावर जातो. नळीला डेकखाली मध्येच सांधा नसावा. शेगडी विझताच गॅस तोडणारी झडप असावी. गळती साबणाच्या फेसाने पाहावी, काडीने कदापि नाही. वास आलाच, तर सिलिंडर बंद करावा, झाकणे उघडावीत, सर्वांनी वर यावे. इंजिनाला आणि कोणत्याही बटणाला हात लावू नये.

यांतला सर्वांत स्वस्त नियम घरालाही लागू आहे. फराळाची शेवटची चकली तळून झाली, की शेगडीची कळ फिरवून थांबू नका. सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद करा, मगच झोपा.