दिवाणखान्यातील संगणक आणि घरगुती दृक्-श्राव्य संग्रह : नागपूरच्या संदर्भात

प्रस्तावना

नागपुरातील अनेक घरांच्या दिवाणखान्यात, दूरचित्रवाणी संचाखालच्या कप्प्यात, गेल्या तीन-चार दशकांचा कौटुंबिक इतिहास दाटीवाटीने पडलेला असतो. लग्नाची व्हीएचएस चित्रफीत, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या कॅसेटी, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या परिसरातून आणलेल्या भीमगीतांच्या व्हीसीडी, झाडीपट्टीतील एखाद्या नाटकाचे हौशी चित्रीकरण. ही सामग्री वाजविणारी यंत्रे मात्र एकेक करून नाहीशी झाली. व्हीसीआर बनविणारी अखेरची ज्ञात कंपनी, जपानमधील फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये ते उत्पादन थांबविले. फितीवरील चुंबकीय थर ओलावा आणि बुरशीने दरवर्षी थोडा थोडा जातोच आहे.

घरातील संगणक दूरचित्रवाणी संचाला जोडून त्याचे माध्यम केंद्र करावे, ही कल्पना आता जुनी झाली, असे सामान्यतः मानले जाते. चित्रपट व मालिकांपुरते ते खरेही आहे. ती गरज आज इंटरनेटवरील मंच भागवितात. परंतु वर उल्लेखिलेला संग्रह त्या मंचांवर नाही, आणि असला तरी तो तेथे उद्याही राहील याची हमी नाही. अशा संग्रहासाठी दिवाणखान्यातील संगणकाचे महत्त्व आज अधिक आहे, अशी या लेखाची भूमिका आहे.

संकल्पनेचा प्रवास

मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची 'मीडिया सेंटर' आवृत्ती आणली. टेबलाशी बसून माउसने चालवावयाचा संगणक दहा फुटांवरच्या सोफ्यावरून रिमोटने चालवावा, हा तिचा गाभा होता. २०१५ मध्ये विंडोज १० आले, तेव्हा ही सोय वगळण्यात आली. एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी स्वयंसेवकांनी सुरू केलेली एक्सबीएमसी ही मुक्त प्रणाली मात्र टिकली. २०१४ मध्ये तिचे नाव 'कोडी' झाले. साध्या जुन्या संगणकावर, तसेच २०१२ पासून उपलब्ध असलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरही ती चालते. यातून निघणारा बोध व्यावहारिक आहे : संग्रह कोणत्याही एका प्रणालीच्या खास स्वरूपात बांधू नये. साध्या फोल्डरांत, सर्वमान्य स्वरूपाच्या फाइली ठेवाव्यात. प्रणाली बदलली तरी फाइली राहतात.

चित्राचा दर्जा : एक गैरसमज

जुनी व्हीसीडी नव्या मोठ्या पडद्यावर धूसर दिसते, तेव्हा दोष संगणकाला दिला जातो. भारतात प्रचलित असलेल्या व्हीसीडीचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे, म्हणजे सुमारे एक लाख बिंदूंचे असते. फुल एचडी पडद्यावर वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. एका बिंदूच्या माहितीवर वीस बिंदू रंगवावे लागल्यावर धूसरता अटळ आहे. व्हीएचएस फितीची अडचण निराळी. पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रे येतात. एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम. संगणकाने ती एकत्र दाखविली की हलत्या वस्तूच्या कडांना कंगव्याचे दात फुटल्यासारखे दिसते. हे दात चित्रीकरण संगणकावर उतरवितानाच कायमचे पुसण्याचा मोह होतो. तो टाळावा. मूळ अर्धचित्रे तशीच जपावीत आणि सुधारणा दाखविण्याच्या वेळी प्रणालीकडून करवून घ्यावी. उद्याची प्रणाली ते काम आजच्यापेक्षा चांगले करील.

साठवणुकीची चिंता मात्र अनाठायी आहे. साठ मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने, कोणतेही आकुंचन न करता उतरविली तर सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. दोनशे कॅसेटी १३० गिगाबाइटच्या आत मावतात.

नागपूरचा उन्हाळा

परदेशी मार्गदर्शिका संगणक बंद कपाटात लपविण्याचा सल्ला देतात, कारण त्याच्या पंख्याचा आवाज रसभंग करतो. वाळ्याचा कूलर घरघरत असलेल्या खोलीत ही चिंता कोणी करू नये! येथे शत्रू उष्णता आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि बहुतेक हार्डडिस्कांची निर्मात्याने सांगितलेली मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. बंद कप्प्यात ते अंतर लवकर संपते. उलट संगणक कूलरच्या झोतात ठेवला तर ओलसर हवा आणि धूळ मिळून आतील भागांवर थर चढतो. कप्प्याची मागील फळी काढावी, संच झोताच्या बाजूला ठेवावा, आणि उन्हाळा सुरू होण्यापूर्वी एकदा आतून स्वच्छ करून घ्यावा.

विजेचाही हिशेब करावा. ८० वॅटचा जुना संगणक रोज पाच तास चालला तर महिन्याला १२ युनिटे जळतात. पाच वॅटच्या लहान संगणकाला तेवढ्याच वेळात पाऊण युनिट पुरते. लहान संगणकाचा आणखी एक लाभ आहे. रास्पबेरी पाय एचडीएमआय तारेतूनच दूरचित्रवाणीच्या रिमोटच्या आज्ञा स्वीकारतो. टेबलावरच्या बहुतेक संगणकांत ही सोय नसते. घरातील आजीला नेहमीच्याच रिमोटने भजन लावता येत नसेल, तर ते केंद्र तिच्या नातवाचे खेळणे ठरते.

सूची : खरे काम

यंत्र जुळविणे एका रविवारचे काम आहे. सूची करणे वर्षभराचे, आणि सर्व प्रयत्नांचे यश तिच्यावरच अवलंबून असते. माध्यम केंद्राच्या प्रणाली चित्रपटाचे नाव व वर्ष पाहून इंटरनेटवरून माहिती आणतात. हॉलिवुडच्या चित्रपटांबाबत हे उत्तम चालते. झाडीपट्टीच्या नाटकाला 'प्रदर्शनाचे वर्ष' कोणते लावावे? त्याचा प्रयोग दिवाळीनंतरच्या हंगामात, विशिष्ट गावी, विशिष्ट रात्री झालेला असतो. तेव्हा मंडळी, लेखक, गाव आणि तारीख हीच त्याची ओळख होय.

भीमगीतांबाबत प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ध्वनिसूचीत सामान्यतः 'कलावंत' आणि 'अल्बम' असे रकाने असतात. वामनदादा कर्डक यांची (१९२२–२००४) गीते अनेक गायकांनी, निरनिराळ्या चालींत गायिली आहेत. 'कलावंत' या रकान्यात केवळ गायकाचे नाव लिहिले की कवी सूचीतून गळतो. वस्तुतः अखेरच्या कडव्यातील नाममुद्रेत त्याने स्वतःची नोंद करून ठेवलेली असते. म्हणून कवी, गायक आणि संगीतकार यांचे रकाने वेगळे ठेवावेत. ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकांना यात नवे काही वाटणार नाही. रंगनाथन यांच्या १९३१ मधील पंचसूत्रांपैकी वाचकाचा वेळ वाचविण्याचे सूत्र श्रोत्यालाही लागू पडते.

नोंदी देवनागरीत आणि युनिकोडमध्येच असाव्यात. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टंकलेली नावे पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे होऊन उमटतात. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे दहा फुटांवरून वाचण्यासाठी अक्षर इंग्रजीपेक्षा मोठे आणि ओळींमधील अंतर अधिक ठेवावे लागते.

चिठ्ठी नसलेल्या कॅसेटींचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. आवाज कोणाचा, तबल्यावर कोण, कार्यक्रम कोणत्या वस्तीतला, हे सांगू शकणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. अशा कॅसेटी दर्जाचा विचार न करता आधी उतरवाव्यात, ज्येष्ठांना दिवाणखान्यात ऐकवाव्यात, आणि त्यांचे सांगणेही त्याच फोल्डरात ध्वनिमुद्रित करून ठेवावे.

प्रती आणि कायदा

एकाच हार्डडिस्कवरील संग्रह हा संग्रह नव्हे. दुसरी प्रत दुसऱ्या घरी असावी. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ खाजगी वापरासाठी न्याय्य उपयोगाची सवलत देते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, संगणक प्रणाली वगळता, ती ध्वनिमुद्रणे व चित्रपटांसह सर्व कृतींना लागू आहे. ही सवलत घरापुरती समजावी. विकत घेतलेल्या कॅसेटीची प्रत इंटरनेटवर ठेवणे तिच्यात बसत नाही. घरगुती चित्रीकरणाची प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयास द्यावयाची असेल, तर चित्रीकरण करणाऱ्याची आणि त्यात गाणाऱ्यांची लेखी संमती फाइलीसोबतच ठेवावी.