सक्रियित टी-कोशिका : ओळख व विलगीकरण

टी-कोशिका ही रक्तातील व लसीका ग्रंथींतील एक श्वेत कोशिका असून तिच्या पृष्ठभागावरील ग्राहीशी जुळणारे प्रतिजन भेटले म्हणजे ती विभाजन पावू लागते व कार्यप्रवृत्त होते. अशा कोशिकेस सक्रियित टी-कोशिका म्हणतात. कर्करोगावरील प्रतिरक्षा चिकित्सेत या कोशिका रुग्णाच्या रक्तातून वा अर्बुदातून निवडून, शरीराबाहेर वाढवून त्यालाच परत देतात. मात्र कर्ककोशिका ओळखणाऱ्या टी-कोशिका रक्तात फारच विरळ असतात.

सक्रियणानंतर कोशिकेच्या पृष्ठभागावर काही प्रथिने नव्याने प्रकट होतात. सीडी ६९ काही तासांतच दिसते. सीडी २५ त्यानंतर येते व अधिक काळ टिकते. सीडी १३७ विशेष उपयुक्त होय, कारण विश्रांत कोशिकांवर ते जवळजवळ नसते आणि प्रतिजन भेटल्यावर सुमारे एका दिवसात ठळक होते. या प्रथिनांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांस अनुस्फुरक रंजकद्रव्य जोडून कोशिका एकामागून एक लेसर शलाकेसमोरून नेतात. चमकणारी कोशिका ज्या थेंबात असेल त्यास विद्युत् भार देऊन तो वेगळ्या नळीत वळवितात. प्रतिपिंडांस सूक्ष्म चुंबकी कण जोडल्यास थोड्या वेळात पुष्कळ कोशिका विलग होतात. चिन्ह कमीअधिक असल्याचा सूक्ष्म भेद मात्र त्या पद्धतीत साधत नाही.

चिन्हावरून फसगतही होते. पीडी-१ हे प्रथिन नुकत्याच सक्रियित झालेल्या कोशिकेवर असते, तसेच दीर्घकाळ झुंजून निष्प्रभ झालेल्या कोशिकेवरही असते. शिवाय अर्बुदात सापडणारी प्रत्येक टी-कोशिका अर्बुदाविरुद्धच असते असे नाही. काहींना केवळ जुन्या व्हायरस संसर्गाची स्मृती असते. अशा कोशिकांवर सीडी ३९ सहसा आढळत नाही. त्याच वाढविल्या गेल्या, तर कोट्यवधी कोशिका देऊनही रुग्णास उपयोग होत नाही. एस. ए. रोझेनबर्ग व त्यांचे सहकारी यांनी कृष्णकर्काच्या रुग्णांना अर्बुदातील कोशिका दिल्याचा वृत्तांत १९८८ मध्ये प्रसिद्ध केला; अशा उपचारास अमेरिकेत शासकीय मान्यता मिळण्यास २०२४ साल उजाडले.

नेमकी कोशिका शोधत न बसता सामान्य टी-कोशिकेसच कृत्रिम ग्राही बसविणे हा दुसरा मार्ग होय. यासाठी रक्तातून काढलेल्या टी-कोशिका सीडी ३ व सीडी २८ यांविरुद्धच्या प्रतिपिंडांनी सक्रियित करतात आणि रोगकारकता काढून टाकलेल्या व्हायरसाद्वारे ग्राहीचा जीन त्यांत घालतात. मुंबईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून निघालेला नेक्सकार १९ हा उपचार याच प्रकारचा असून बी-कोशिकांवरील सीडी १९ हे त्याचे लक्ष्य आहे. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत जून २०२१ मध्ये तो पहिल्या रुग्णास देण्यात आला व ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेची मान्यता मिळाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार परिणाम तपासता आलेल्या ५१ रुग्णांपैकी ७३ टक्के रुग्णांत रोग पूर्णतः वा अंशतः हटला. अमेरिकेतील खर्चाच्या सुमारे एक दशांशात तो होतो. तरीही ही रक्कम अनेक लाखांची असल्याने पालघर किंवा बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचीच आहे.

सीडी १९ वर मारा करताना निरोगी बी-कोशिकाही नष्ट होतात, परंतु त्यांची उणीव बाहेरून प्रतिपिंडे देऊन बरीचशी भरून काढता येते. फुप्फुस, यकृत इत्यादींच्या घन अर्बुदांत इतके सोईचे लक्ष्य सहसा मिळत नाही. म्हणून तेथे सीडी १३७, पीडी-१ व सीडी ३९ यांच्या आधारे नैसर्गिक टी-कोशिकाच वेचून काढण्याचे प्रयोग चालू आहेत.