कंबर दुखते, अंगठा दाखवा

कंबर धरली म्हणून डॉक्टरांकडे जावं, तर ते पायाच्या अंगठ्याकडे वळतात. ‘मी दाबतोय, तुम्ही अंगठा वर उचला.’ हसू येतं, पण तपासणी मणक्याचीच चाललेली असते. अंगठा वर उचलण्याचा हुकूम मुख्यतः कमरेच्या पाचव्या मज्जातंतूतून येतो. अंगठ्यात जोर नसेल, तर संशय तिथे. टाचेच्या वर रबरी हातोडी मारूनही पाऊल उसळलं नाही, तर त्याच्या खालच्या मज्जातंतूवर. तीनेक फूट वर काय बिनसलंय ते पाऊल सांगतं, तेही वीज न लागता!

मग उताणं झोपवून पाय सरळ ठेवूनच वर उचलतात. मांडीमागून पोटरीखाली सणक गेली, तर सायटिकेचा मज्जातंतू ताणला जातोय. हे 1880 मध्ये लिहिलं बेलग्रेडच्या लाझा लाझारेविच या डॉक्टरांनी. ते सर्बियातले नावाजलेले कथाकारही होते. पुस्तकांत मात्र बहुधा लासेग या फ्रेंच डॉक्टरांचं नाव असतं. अन्यायच आहे हा.

‘पण एमआरआय?’ 1994 मध्ये अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या 98 जणांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून अधिक जणांच्या मणक्यांमधल्या गाद्या कुठे ना कुठे फुगलेल्या निघाल्या. म्हणजे फोटोत गादी सरकलेली दिसली, तरी दुखणं तिचंच असेल असं नाही. आणि खरंच गादीचा तुकडा बाहेर आला, तर शरीरातल्या भक्षक पेशी त्याला परका समजून खाऊ लागतात. कित्येकदा तो काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

म्हणून बहुतेकांना औषध साधं असतं: शेक, गरजेपुरती वेदनाशामक गोळी आणि हालचाल. सक्तीची विश्रांती नको. हेलसिंकीत 1995 मध्ये महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर हे पडताळलं. दोन दिवस अंथरुणाला खिळवलेल्यांपेक्षा जमेल तशी रोजची कामं करणारे लवकर बरे झाले.

ताप, घटतं वजन, पूर्वीचा कॅन्सर किंवा क्षयाची शंका असेल, तर मात्र रक्त आणि फोटो तपासायलाच हवेत. आणि लघवी अडली, किंवा सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.