पबमालकाचं 'नाणं': चालायचं फक्त त्याच्याच गल्ल्यावर

एकोणिसाव्या शतकातल्या बर्मिंगहॅममध्ये कामगाराच्या खिशात सरकारी नाण्यांसोबत आणखी एक वस्तू खुळखुळायची, ती म्हणजे पबमालकाच्या नावाचा पितळी बिल्ला. इंग्लंडमध्ये त्याला 'पब चेक' म्हणतात. सरकारी नाणं देशभर चालायचं. बिल्ला मात्र ज्याचा त्याच्याच पबमध्ये.

एका बाजूला पबचं किंवा मालकाचं नाव, दुसऱ्या बाजूला किंमत. ती बहुधा दीड, दोन किंवा तीन पेन्स. तेव्हा पौंडाला २४० पेन्स होते. बर्मिंगहॅम हे बटणं, पदकं आणि ठसे बनवणाऱ्यांचं गाव, त्यामुळे बिल्ले पाडून घेणं सोपं होतं.

मग कायद्याचं काय?

खासगी तांब्याच्या टोकनांवर १८१७ च्या कायद्याने बंदी आली होती. पण पब चेक बाजारात फिरणारं चलन नव्हतं. आपल्याकडे जेवणाचं कुपन असतं ना, तसं ते पेयाचं कुपन.

बिल्ला हातात कसा यायचा?

पबमध्ये स्किटल्स, बॅगाटेलसारखे खेळ चालायचे. त्यात बिल्ल्यांची देवघेव व्हायची. गाण्याच्या कार्यक्रमाला प्रवेशाचे पैसे दिले की तेवढ्याच किमतीचं पेय घेण्यासाठी बिल्ला मिळायचा.

तिसरा मार्ग जास्त विचार करायला लावणारा आहे. आजारपण आणि अंत्यविधीसाठी वर्गणी जमवणाऱ्या कामगारांच्या मदत मंडळांच्या बैठका पबमध्येच भरत. खोलीचं भाडं रोख द्यायचं नाही, त्याऐवजी सभासदांनी ठरावीक रकमेची दारू घ्यायची. याला 'ओलं भाडं' असं नाव होतं. म्हणजे आजारपणासाठी बचत करायला गेलेल्या माणसाला वर पिण्याचाही खर्च पडायचा!

हिशेब कुणाच्या फायद्याचा?

जमाखर्चाच्या भाषेत ही उलटी उधारी. पैसे आधी, माल नंतर. मालकाच्या गल्ल्यात रोकड आलेली, आणि गिऱ्हाईक पुन्हा त्याच दारात येणार हे नक्की. बिल्ला बदलून रोख मागायची सोय नसेल, तर तेवढी कमाई घरखर्चाला जाणार कशी?

पबची ही पकड मजुरीपर्यंत पोचली होती. कामगारांची मजुरी पबमध्ये वाटायची पद्धत होती. तिच्यावर १८८३ मध्ये ब्रिटिश संसदेने कायद्याने बंदी घातली.

आज हे बिल्ले संग्राहकांकडे आहेत. अनेकांवर गावाचं नाव नाही, नुसतं मालकाचं. मग जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या आणि जनगणनेच्या नोंदी चाळून त्याचा पत्ता शोधावा लागतो.