काम जमा करायचा शनिवार

सकाळी ६.००

कापड वाळलंय की नाही, हे तळहाताला नीट कळत नाही, गालाला कळतं. रात्री टॉवेलवर पसरून ठेवलेलं काळं लिनन मध्यभागी अजून गार लागतंय. म्हणजे आणखी तासभर हात लावायचा नाही. चहा ठेवते.

आज दुपारी हे काम वुडलॉनला पोचवायचंय. व्हर्जिनियात, जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननपासून तीनेक मैलांवर हा जुना वाडा आहे. तिथे १९६०च्या दशकापासून सुईकामाचं प्रदर्शन भरत आलंय. मार्चमध्ये वाड्याच्या भिंती भरतकामाने भरून जातात. त्याआधी कामं जमा होतात, आणि परीक्षक एकेक काम बघून फिती ठरवतात. अमेरिकेत पहिल्या नंबराला निळी फीत, दुसऱ्याला लाल, तिसऱ्याला पांढरी. शेजारच्या कॅनडात मात्र पहिली लाल आणि दुसरी निळी. तिकडच्या एखादीला इथे लाल फीत मिळाली, तर पहिली पाच मिनिटं तिची चैनच.

माझं काम कसुतीचं. चंद्रकळेवर शोभते म्हणून जमीन काळी धरली. लिनन इंचाला ३२ धाग्यांचं. दोन धाग्यांवर एक टाका, म्हणजे इंचाला १६ टाके. मधोमध तुळशीवृंदावन, खाली हत्तींची रांग, वर रथ. रेशीम पांढरं, लाल, पिवळं आणि थोडं हिरवं. काळ्या कापडावर धागे मोजायचे तर मांडीवर पांढरा पंचा घ्यावा लागतो, मग कापडाची भोकं खालून उजळतात. दिवा कितीही लख्ख असला तरी पंच्याशिवाय भागत नाही.

धुवायचं की नाही, यावर कालपर्यंत मन ठरत नव्हतं. महिनोन्‌महिने हाताळलेल्या कापडात हाताचं तेल उतरतं आणि पुढे त्याचे डाग पडतात. उलट लाल रेशमाचा रंग सुटला, तर शेजारचा पांढरा टाका कायमचा गुलाबी. शेवटी उरलेल्या लाल धाग्याचे तुकडे ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवले. फडकं कोरं निघालं, तेव्हा कुठे काम गार पाण्यात सोडलं. पिळायचं नाहीच. टॉवेलात गुंडाळून वरून दाबायचं.

सकाळी ७.१५

इस्त्री. खाली जाड टॉवेल, त्यावर जुन्या काळ्या ओढणीचा तुकडा, नाहीतर टॉवेलचे पांढरे तंतू सगळे कापडाला चिकटतात. काम पालथं ठेवायचं, म्हणजे टाके टॉवेलात रुततात, चेपत नाहीत. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची, उचलायची. फिरवली की कापडाची वीण तिरकी ओढली जाते, आणि हत्ती एका बाजूला झुकतात.

सकाळी ८.००

बेळगावात संध्याकाळचे साडेसहा. मावशीला व्हिडिओ कॉल.

कसुती मी हिच्याकडून शिकले. ही तशी धारवाडकडची कला, पण इरकल लुगडी नेसणाऱ्या घरांत ती सीमा ओलांडून कधीच आलेली आहे. मावशी सत्तरी उलटलेली. तिला कौतुक करायची घाई नसते.

‘‘पुढनं बघितलंय मी फोटोत. मागनं दाखव.’’

मी कापड उलटं करून फोन जवळ नेते.

‘‘आणि जवळ. वृंदावनाची पायरी दाखव. तिथं दोऱ्यानं उडी मारलीय काय गं?’’

‘‘नाही गं मावशी, माझ्या बोटाची सावली आहे.’’

‘‘मग बोट काढ की.’’

बोट काढलं. उडी नव्हती. ती ‘हं’ म्हणाली. याहून वरचा शेरा मी तिच्या तोंडून ऐकलेला नाही.

कसुतीत चार टाके. गवंती म्हणजे धावदोऱ्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने परत येताना सुटलेल्या जागा भरायच्या. मुरगी तशीच, फक्त पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी. नेगीत लहानमोठे धावते टाके ओळीने घातले की ते विणल्यासारखे दिसतात. मेंथी म्हणजे फुली. कापडावर काही छापायचं नाही, रेखायचं नाही, नुसते धागे मोजायचे. गाठ मारायची नाही. आणि गवंती-मुरगी दोन्ही अंगांनी सारखी दिसली पाहिजे. खरी मेख या शेवटच्या अटीत आहे. वृंदावनाचा कोनाडा, कळस, बाजूची नक्षी या सगळ्या फांद्या एकाच दोऱ्याने जाऊन-येऊन पुऱ्या करायच्या आणि जिथून निघालो तिथेच परत पोचायचं. वाट आधी डोक्यात आखलेली नसेल, तर मध्येच अडकायला होतं, आणि मागून एक लांब आडवा धागा न्यावा लागतो. पुढून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मावशीला लागतो.

परतीच्या फेरीतही एक खुबी आहे. सुई आधीच्या टाक्याच्या वरच्या अंगाने बाहेर काढायची आणि पुढच्याच्या खालच्या अंगाने आत घालायची, दर वेळी तशीच. मग रेघ सरळ बसते. कधी वरून, कधी खालून केलं की रेघ दातेरी होते. लांबून कळत नाही, भिंगाखाली लगेच कळतं.

सकाळी ९.००

आता खरं कष्टाचं काम. भरतकाम कधीच झालंय. ते पुठ्ठ्यावर ताणून बसवायचं आहे.

चिकटपट्टी नाही, गोंद नाही, स्टेपलही नाही. गोंद काही वर्षांनी पिवळा पडतो आणि कापडात उतरतो. आम्लमुक्त पुठ्ठा घ्यायचा, नक्षीच्या चारी बाजूंनी हवी तेवढी काळी जागा सोडून मापात कापायचा, त्यावर कापड पसरायचं. प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक टाचणी, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे. टाचणी पुठ्ठ्याच्या कडेत खोचायची. हे करताना डोळा नक्षीवर ठेवायचा नाही, कापडाच्या एका धाग्यावर ठेवायचा. तो उभा धागा वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत पुठ्ठ्याला समांतर उतरला, तर बाकी सगळं आपोआप सरळ. माझा धागा खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी केसभर आत वळत होता. तिथल्या टाचण्या काढून पुन्हा लावल्या, मग उजवीकडचा कोपरा वळला. तो सोडवला तर वरची कड सैल. या खेळात साडेदहा वाजले.

मग मागून शिवण. मजबूत दोरा, रिळाला जोडलेलाच ठेवायचा, म्हणजे मध्ये जोड येत नाही. वरच्या काठातून खालच्या काठात, पुन्हा वर, पुन्हा खाली, बाजेच्या सुंभासारखं. सगळं झालं की एका टोकापासून एकेक फेरा ओढत कसायचं. नंतर तेच आडवं. कोपऱ्यांची घडी तिरकी घालायची, एकावर एक थर साचू द्यायचा नाही. मग पुठ्ठा फ्रेममध्ये बसवायचा.

आपल्याकडे हे कुणी करतं का? करतात, पण फ्रेमवाल्याकडून. तो मागे गोंद लावतो, पुढे काच दाबतो आणि टाके चपटे करून देतो. आपल्याला चालतं, कारण आपल्या घरांत भरतकामाचं कौतुक होतं, तपासणी होत नाही. ‘किती छान केलंयस गं’ म्हटलं की विषय संपला. अभ्रे, रुमाल, अर्धवट राहिलेले मॅटीचे तुकडे, सगळं पेटीत. कुणीतरी भिंग घेऊन बसणार आहे म्हटल्यावर माणूस कडा दुमडतो, कोपरे मारतो. स्पर्धेची मला फारशी हौस नाही, पण ही शिस्त मला हवी असते.

तरीही एक गोष्ट खटकत राहते. पुठ्ठ्यावर ताणलं की मागची बाजू गेली. जिच्यावर कसुती उभी आहे, तीच झाकली. परीक्षक बाईंना दिसणार पुढची सरळ रेघ, आणि ती तर मागून उड्या मारूनही काढता येते. पांढऱ्या कापडावर अशी उडी निदान सावलीसारखी पुढून दिसते. माझ्या काळ्यावर तीही दिसायची नाही. म्हणून ताणण्याआधी मागच्या बाजूचा मोठा फोटो काढून छापून आणला होता. तो पाकिटात घातला.

सकाळी ११.३०

अर्ज.

असल्या स्पर्धांचे अर्ज थोड्याफार फरकाने सारखेच, आणि दर वेळी आपल्या कामाशी त्यांचं जमत नाही. प्रकार कोणता? मोजून केलेलं काम, इथवर ठीक. त्याखाली काय लिहायचं? मेंथी बघितली तर क्रॉसस्टिच. नेगी बघितली तर डार्निंग. गवंती म्हणजे इथल्यांचा होल्बाईन टाका, ब्लॅकवर्क नावाच्या भरतकामातला. हान्स होल्बाईनने सोळाव्या शतकात रंगवलेल्या इंग्रज दरबाऱ्यांच्या बाह्यांच्या टोकांना हीच जाऊन-येऊन केलेली दोहेरी शिवण दिसते. तिथल्या आणि धारवाडच्या बायकांनी एकमेकींना न बघता तोच मार्ग काढला असणार. मोजून शिवायचं आणि दोन्ही बाजू नीट दिसायला हव्यात म्हटल्यावर दुसरा मार्गही नाही. मी ‘कसुती’ असं लिहून पुढे चार टाक्यांची दोन ओळींत ओळख दिली.

हौशी की व्यावसायिक? जी काम विकते किंवा पैसे घेऊन शिकवते, ती बहुतेक ठिकाणी व्यावसायिक. रविवारी मराठी शाळेत मी मुलींना टाके शिकवते, मानधन म्हणून समोसा. हौशी.

डिझाइन कुणाचं? संच विकत घेऊन केलेलं, दुसऱ्याच्या नक्षीवरून बदललेलं, की स्वतःचं? वृंदावन माझं कसं म्हणू? मावशीचंही नाही, तिच्या आईचंही नाही. मांडणी मात्र माझी, रथ वर घ्यायचा हे मी ठरवलं. ‘पारंपरिक नक्षी, मांडणी स्वतःची’ असं लिहिलं.

विम्यासाठी किंमत? हा रकाना बघून नवरा म्हणाला, ‘‘तासांचे पैसे लाव, आपण घर घेऊ.’’ रेशीम, लिनन आणि फ्रेम यांची बेरीज केली, तिच्यावर थोडं चढवलं आणि लिहून मोकळी झाले.

दुपारी १२.३०

दहीभात. चिकट रोलरने शेवटचे तंतू काढले. फ्रेम चादरीत, चादर गाडीत मागच्या सीटवर आडवी, पट्टा लावून. हर्नडनपासून फेअरफॅक्स काउंटी पार्कवेने फोर्ट बेल्व्हॉरपर्यंत आणि मग रिचमंड हायवेने थोडं वर. पाऊण तास.

दुपारी १.३०

वुडलॉन टेकाडावर आहे. विटांचं घर, १८०५ साली पुरं झालेलं. आराखडा विल्यम थॉर्नटनचा. वॉशिंग्टनमधल्या कॅपिटॉलचं पहिलं संकल्पचित्रही त्याचंच. मार्था वॉशिंग्टनची नात नेली कस्टिस हिचं १७९९च्या फेब्रुवारीत लॉरेन्स लुईसशी लग्न झालं, आणि वॉशिंग्टनने आपल्या जमिनीतली जवळजवळ २,००० एकर या जोडप्याला दिली. नेली आयुष्यभर भरतकाम करत राहिली, आणि म्हणून हे प्रदर्शन इथे. प्रदर्शनाचा भार वाहणाऱ्या स्वयंसेविकांच्या मंडळालाही तिचंच नाव आहे. नेलीला सुई धरायला जो निवांतपणा मिळाला, तो घरात आणि शेतात राबणाऱ्या गुलामांच्या जिवावर, हेही इथे आलं की डोक्यात येतंच. तिने भरलेल्या फुलांचं मला कौतुक आहे. कौतुक करताना दुसरी गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

टेबलापुढे रांग. माझ्या पुढच्या आजोबांच्या हातात पिझ्झाचा कोरा खोका. आत टेकवायचा काठ मिळतो, वर झाकण दाबत नाही, त्यामुळे न मढवलेलं काम न्यायला याच्यासारखं काही नाही. उघडलं तर सोन्याच्या तारेचं जरीकाम, एक छोटा मासा, खवले एकेक तारेचे. मागे एक कॉलेजची मुलगी, तिने क्रॉसस्टिचमध्ये अख्खी शिवी भरली होती, भोवती गुलाबांची वेल. टाके माझ्यापेक्षा सारखे होते, खोटं कशाला बोलू.

टेबलावरच्या बाईंनी माझी फ्रेम घेतली ती आधी उलटीच केली. तार पक्की आहे ना, चिठ्ठी नीट आहे ना. परीक्षकांना नाव दिसायला नको, म्हणून पुढे सही असेल तर ती झाकावी लागते. इथल्या जुन्या नमुन्यांवर नाव, वय, साल सगळं भरलेलं असतं. माझ्याकडे झाकायला काही नव्हतंच. कसुतीवाल्या बायकांनी लुगड्यावर नाव कधी भरलं नाही.

मग पाकीट पुढे केलं. बाईंनी त्यातून फोटो बाहेर काढला, कामाकडे बघितलं, परत फोटोकडे.

‘‘यातली पुढची बाजू कुठली?’’

‘‘हा मागचा फोटो आहे.’’

त्यांनी शेजारच्या बाईंना बोलावलं. दोघींनी मिळून वृंदावनाची पायरी शोधली. पाकीट कामासोबत राहील, परीक्षक बघतीलच असं सांगता येत नाही, म्हणाल्या. मला तेवढं पुरे. पावती घेतली, काम परत न्यायची तारीख फोनमध्ये टाकली.

दुपारी ३.३०

घरी. टेबलावरच्या टाचण्या वेचल्या. एक सापडत नाही, त्यामुळे कुणी अनवाणी फिरायचं नाही.

रात्री ८.३०

तिकडे सकाळचे सात. मावशीचाच फोन.

‘‘दिलंस?’’

‘‘दिलं.’’

‘‘मागनं बघितली काय त्यांनी?’’

‘‘फोटोत बघितली. पुढची कुठली ते कळेना त्यांना.’’

‘‘हं.’’ मग थोडं थांबून, ‘‘आणि पहिलं आलं तर काय मिळतंय?’’

‘‘निळी फीत.’’

‘‘नुसती फीत? पैसे नाहीत?’’

‘‘नाहीत गं.’’

‘‘असू दे. आली तर पाठव मला. कडा कशा दुमडल्यात बघते.’’