पगारपत्रक फुटले, आता दाद कुठे मागायची?

नोकरदार आणि कायदा : भाग ९

ग्राहकांची माहिती फुटली तर काय करायचे, हे मागच्या आठवड्यात पाहिले. आज कंपनीच्या आतल्या माणसांकडे वळू. ग्राहक निदान चिडून ॲप काढून टाकू शकतो, दुसरे दुकान गाठू शकतो. नोकरदाराला ती सोय नाही. रुजू होण्याच्या दिवशी एचआर जी यादी पुढे करतो, ती आठवून पाहा: पॅन, आधार, कॅन्सल्ड चेक, आधीच्या कंपनीच्या सॅलरी स्लिपा, पोलिस पडताळणी, मेडिक्लेमसाठी आईवडिलांच्या जन्मतारखा आणि त्यांचे आजार. यातले एकही देणार नाही म्हटले तर नोकरीच नाही. शिवाय नोकरी सोडून सात-आठ वर्षे झाली तरी ही फाइल कंपनीच्या सर्व्हरवर तशीच पडून असते. त्यामुळे फुटलेल्या यादीत माजी कर्मचारीही असतात, आणि त्यांना कळवायला कंपनीकडे अनेकदा चालू पत्ताही नसतो.

या विषयावरचा सर्वांत बोलका खटला इंग्लंडमधला आहे. मॉरिसन्स ही तिथली मोठी सुपरमार्केट साखळी, मुख्यालय ब्रॅडफर्डला. तिथल्या एका वरिष्ठ अंतर्गत लेखापरीक्षकाला २०१३ मध्ये शिस्तभंगाची ताकीद मिळाली. कारण तसे क्षुल्लक होते. तो आपली खासगी पार्सले कंपनीच्या टपालातून पाठवत असे. एका पाकिटातून पांढरी भुकटी निघाली, पोलिसांना बोलावले गेले, आणि ती वजन उतरवण्याची कायदेशीर पावडर निघाली. ताकीद तोंडी होती, पण त्याने ती मनात धरली. काही महिन्यांनी बाहेरच्या लेखापरीक्षकांना संपूर्ण पगारपत्रक पाठवायचे काम त्याच्याकडेच आले. ते त्याने पाठवले आणि एक प्रत स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेतली.

जानेवारी २०१४ मध्ये त्याने जवळपास ९९ हजार सहकाऱ्यांची नावे, पत्ते, जन्मतारखा, राष्ट्रीय विमा क्रमांक, बँक खाती आणि पगार इंटरनेटवर टाकले. संशय दुसऱ्या सहकाऱ्यावर जावा अशी तजवीजही केली. मार्चमध्ये, कंपनीचे आर्थिक निकाल जाहीर व्हायच्या दिवशी, सीडी तीन वर्तमानपत्रांकडे धाडल्या. वर्तमानपत्रांनी ते छापले नाही. एकाने कंपनीला कळवले, आणि काही तासांत ती फाइल इंटरनेटवरून उतरवली गेली. माणूस पकडला गेला, २०१५ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली.

गुन्हेगार तुरुंगात गेला, पण कर्मचाऱ्यांच्या हाती काय आले? तुरुंगातल्या माणसाकडून भरपाई मिळणार नव्हती, म्हणून साडेपाच हजार कर्मचाऱ्यांनी मिळून कंपनीवर दावा लावला. पुढे त्यांची संख्या नऊ हजारांवर गेली. त्यांचे म्हणणे दुहेरी होते: कंपनीने स्वतः काळजी घेतली नाही, आणि घेतली असली तरी नोकराने नोकरीत केलेल्या चुकीला मालक जबाबदार असतोच. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पहिला मुद्दा जवळपास फेटाळला आणि दुसरा मान्य केला. निकाल देताना न्यायाधीशांनी एक अस्वस्थताही लिहून ठेवली. या माणसाला कंपनीचेच नुकसान करायचे होते, आणि कंपनीला जबाबदार धरून न्यायालय त्याचाच हेतू पुरा करत नाही ना, असा तो प्रश्न होता. अपील न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १ एप्रिल २०२० रोजी एकमताने तो फिरवला. पगारपत्रक लेखापरीक्षकांना पाठवणे हे त्याचे काम होते. ते जगजाहीर करणे हा वैयक्तिक सूड होता, कंपनीचे काम नव्हे. अनेक वर्षे लढून कर्मचाऱ्यांच्या तोंडाला पाने पुसली गेली.

मला हा निकाल कायद्याच्या चौकटीत पटतो आणि तरी खटकतो. ९९ हजार माणसांच्या बँक खात्यांची प्रत एका खासगी पेनड्राइव्हवर उतरू शकते, ही मुळात कोणाची व्यवस्था होती? पण वकिलांनी लक्षात ठेवायचा भाग वेगळा आहे. अशा दाव्यांत मालक कर्मचाऱ्याच्या कृत्याला जबाबदार धरला जातो या भरवशावर बसू नये. कंपनीचा स्वतःचा हलगर्जीपणा दाखवता आला पाहिजे.

तो दाखवता आला तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे. तिथल्या यूपीएमसी या रुग्णालयसमूहातून ६२ हजार आजी-माजी कर्मचाऱ्यांची माहिती चोरीला गेली. चोरट्यांनी त्यांच्या नावाने खोटी करविवरणपत्रे भरून परतावे लाटले. खालच्या दोन्ही न्यायालयांनी कर्मचाऱ्यांना परत पाठवले. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये उलट सांगितले: नोकरीची अट म्हणून तुम्ही ही माहिती मागून घेतली, ती इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर ठेवली, तर ती वाजवी काळजीने सांभाळणे हे तुमचे कर्तव्यच आहे. एचआरच्या ‘सक्तीच्या’ यादीतून कंपनीवरची जबाबदारी जन्मते, हा तर्क आपल्याकडच्या वकिलांनीही वापरण्याजोगा आहे.

सोनी पिक्चर्सवर २०१४ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर कर्मचाऱ्यांनी असाच सामूहिक दावा लावला. पुढच्याच वर्षी तडजोड झाली, सुमारे ८० लाख डॉलरची. प्रत्यक्ष नुकसान दाखवणाऱ्याला जास्तीत जास्त १० हजार डॉलर, खबरदारीच्या खर्चापोटी एक हजारापर्यंत. बरीच मोठी रक्कम वकिलांच्या फीत गेली.

आता आपल्याकडे. हिंजवडीत, ऐरोलीत किंवा वेर्ण्याच्या वसाहतीत काम करणाऱ्याच्या हातात आज मुख्य हत्यार आहे ते माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधले कलम ४३अ. संवेदनशील माहिती बाळगणाऱ्या कंपनीने वाजवी सुरक्षा ठेवण्यात हलगर्जी केली आणि त्यातून कोणाला गैरमार्गाने हानी किंवा कोणाला गैरमार्गाने लाभ झाला, तर कंपनीने भरपाई द्यायची. ‘संवेदनशील’ म्हणजे काय हे २०११ च्या नियमांत दिले आहे: पासवर्ड, बँक खाते व कार्डाचा तपशील, आरोग्य, वैद्यकीय नोंदी, बायोमेट्रिक, लैंगिक कल. घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक, पॅन यांचा त्या यादीत उल्लेख नाही. म्हणून आपली नेमकी कोणती माहिती फुटली, हे लेखी काढून घेणे हे पहिले काम. कंपनीच्या प्रायव्हसी पॉलिसीत तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव असते. त्याला ईमेल करा. त्याच नियमांनुसार त्याने महिन्याच्या आत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. फोनवर झालेले गोड बोलणे पुढे कामाला येत नाही.

भरपाईचा अर्ज न्यायालयात नव्हे, ॲडज्युडिकेटिंग ऑफिसरपुढे करायचा. हा अधिकारी म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याचा सचिव, महाराष्ट्रात मंत्रालयातला. ५ कोटींपर्यंतचे दावे त्याच्यापुढे चालतात, त्याहून मोठे दिवाणी न्यायालयात. निकाल होता होईल तो सहा महिन्यांत लागावा असा नियम आहे. अपील दिल्लीच्या टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे. कागदावरचीच वाट आहे असे समजू नका. २०१३ मध्ये याच वाटेने पुण्याच्या एका वाहन-सुटे भाग कंपनीला पंजाब नॅशनल बँकेकडून ४५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला होता. फसव्या ईमेलला बळी पडून कंपनीच्या खात्यातून ८० लाखांवर रक्कम गेली होती. ईमेलला उत्तर दिले म्हणून थोडा दोष कंपनीच्याही माथी आला, पण बँकेचा हलगर्जीपणा सिद्ध झाला. तो खातेदाराचा खटला होता, नोकरदाराचा नव्हे. अधिकारी आणि कलमे मात्र तीच.

अडते ते ‘हानी’ या शब्दापाशी. माहिती फुटली, झोप उडाली, एवढ्याने आपल्याकडे पैसे मिळत नाहीत. तुमच्या नावावर कर्ज निघाले, खात्यातून रक्कम गेली, खोटे उत्पन्न दाखवले गेले, तर ते त्या फुटीशी जोडता आले पाहिजे. त्यासाठी कंपनीचा ईमेल आला त्याच दिवशी क्रेडिट रिपोर्ट उतरवून ठेवा. वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून मोफत मिळतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. आयकराच्या पोर्टलवरचे वार्षिक माहिती विवरण उघडून अनोळखी नोंद शोधा. आधारचे बायोमेट्रिक लॉक करा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवा. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहारात या मुदतीत कळवणाऱ्या खातेदारावर बोजा टाकता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक सांगते. मुदत उलटली की तुमचा वाटा वाढत जातो. पोलिसांची पोच, बँकेचे उत्तर, कंपनीचा ईमेल हे सगळे तारीखवार एका फाइलमध्ये ठेवा. ऑफिसच्या मेलबॉक्सवर विसंबू नका. नोकरी सुटली की तो त्याच संध्याकाळी बंद होतो.

एक धोका फुल अँड फायनलच्या कागदावर असतो. शेवटचा हिशेब घेताना जी पावती सही करायला देतात, तीत बहुधा एक ओळ असते: कंपनीविरुद्ध माझी कोणत्याही प्रकारची मागणी शिल्लक नाही. पगार-ग्रॅच्युइटीच्या घाईत ती कोणी वाचत नाही. माहिती फुटल्याचा ईमेल तुम्हाला आधीच आलेला असेल तर सहीच्या वर हाताने लिहा, ‘माहिती फुटीबाबतचे हक्क राखून’, आणि फोटो काढून ठेवा. एचआरने नाक मुरडले तरी चालेल.

मग तो नवा कायदा कुठे गेला, असे वाचक विचारतील. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. त्यात चांगले पुष्कळ आहे. पॅन, पत्ता, मोबाइल सगळेच संरक्षणात येते. माहिती फुटली की कंपनीने विनाविलंब प्रत्येक बाधित माणसाला कळवायचे, आणि ७२ तासांत माहिती संरक्षण मंडळाला सविस्तर अहवाल द्यायचा. नोकरीच्या कामासाठी माहिती वापरायला कंपनीला तुमची संमती लागणार नाही, पण ती सांभाळायच्या जबाबदारीतून सुटका नाही. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत.

हा दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याचे खाते रिकामे झाले त्याला त्यातला एक रुपयाही देण्याची तरतूद नाही. इतकेच नव्हे, या कायद्याने कलम ४३अ रद्द होते, तेही त्याच मे २०२७ मध्ये. मंडळाच्या अखत्यारीतल्या गोष्टींत दिवाणी न्यायालयाने लक्ष घालायचे नाही, असेही नवा कायदा सांगतो. म्हणजे कंपनीला धाक बसेल, सरकारी तिजोरीत भर पडेल, आणि नोकरदाराच्या हातात मंडळाकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक राहील. युरोपातल्या कायद्यात भरपाईचा हक्क स्वतंत्र कलमाने दिला आहे. आपल्या संसदेने तो असलेला काढून घेतला. याला सुधारणा म्हणायला माझी जीभ वळत नाही. कामगार संघटना आणि आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना पगारवाढीसाठी जेवढ्या भांडतात, त्याच्या निम्म्याने तरी त्यांनी या एका तरतुदीसाठी भांडायला हवे होते. अजूनही वेळ गेलेली नाही, खासदारांना निवेदन देता येते.

तोवर, ज्यांचे पैसे खरोखर गेले आहेत आणि ज्यांच्याकडे कंपनीचा कबुलीचा ईमेल आहे, त्यांनी मे २०२७ ची वाट पाहू नये. जवळचा सायबर कायद्याचा वकील गाठावा आणि कलम ४३अ जिवंत आहे तोवर मंत्रालयात अर्ज दाखल करावा.

(पुढच्या आठवड्यात : हजेरीच्या यंत्रावर दिलेला अंगठा आणि कर्मचाऱ्याचा नकाराचा हक्क)