धाराशिवकरांसाठी स्पॅनिशची पहिली पायरी

भाषा : वीस देशांची अधिकृत भाषा. क्रियापद शिका, कर्ता आपोआप कळतो; मराठीत ‘बोलतोस’ म्हटलं की ‘तू’ सांगावं लागत नाही, तसंच.

उच्चार : पाच स्वर, आ-ए-इ-ओ-उ, लिहाल तसं वाचा. त, द आपल्यासारखेच दंत्य. ‘एच’ मूक, म्हणून नमस्कार ‘ओला’. ‘जे’ घशातून, ‘ख’कडे झुकणारा. ‘व्ही’ आणि ‘बी’ दोन्ही ‘ब’.

क्रियापदं : तीन गट : आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), बिबीर (राहणे). मी बोलतो : आब्लो, तू बोलतोस : आब्लास, तो बोलतो/ती बोलते : आब्ला. ‘बीबो एन धाराशिव’ म्हणजे मी धाराशिवला राहतो.

दोन ‘असणे’ : मूळ ओळख सांगताना ‘सोय’, आत्ता कुठे किंवा कसा आहे हे सांगताना ‘एस्तोय’. सोय दे धाराशिव (मी धाराशिवचा). एस्तोय एन तुळजापूर (मी तुळजापुरात आहे).

सोपं जाणारं : ‘मला आंबे आवडतात’ : मे गुस्तान लोस मांगोस. दोन्हीकडे क्रियापद आंब्यांप्रमाणे चालतं!

शिवारातले शब्द : सोयाबीन : सोखा, शेळी : काब्रा, गाय : बाका, दूध : लेचे, पाऊस : यूबिया.

पुढचं पाऊल : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिश शिकवतात. स्पॅनिशच्या ‘देले’ परीक्षेची पहिली पातळी ए-१. प्रमाणपत्राला मुदत नसते. रोज पाच क्रियापदं मोठ्यानं म्हणा. कान आणि जीभ दोन्ही तयार होतात.